मोटारगाडीतील द्विमार्गी रेडिओ : घटमाला व तारजोडणी (जालना जिल्हा)

चालत्या अथवा थांबलेल्या वाहनातून स्थिर केंद्राशी किंवा दुसऱ्या वाहनाशी आवाजाच्या स्वरूपात संदेशांची देवघेव करणारी बिनतारी यंत्रणा. तीत प्रेषक (रेडिओ तरंग पाठविणारा भाग) व ग्राही (ते तरंग पकडणारा भाग) सामान्यतः एकाच पेटीत बसविलेले असतात. बोलताना ध्वनिग्राहकावरील कळ दाबून धरावी लागते. कळ सोडली म्हणजे समोरच्याचे बोलणे ऐकू येते. पोलीस, अग्निशामक दल, वन, पाटबंधारे, वीज इ. खात्यांत ही यंत्रणा वापरली जाते. तिला लागणारी सर्व शक्ती वाहनातील विद्युत् घटमालेतून येते. त्यामुळे या यंत्रणेचा इतिहास जितका रेडिओ तंत्रविद्येचा आहे, तितकाच तो घटमालेच्या विद्युत् दाबाचा आणि घटमालेपासून संचापर्यंत नेलेल्या दोन तारांचा आहे. प्रस्तुत नोंदीत हा इतिहास जालना जिल्ह्याच्या संदर्भात दिला आहे.

जिल्ह्याची पार्श्वभूमी : मराठवाड्यातील जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. औरंगाबाद (आताचा छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यातील जालना, अंबड, भोकरदन व जाफराबाद आणि परभणी जिल्ह्यातील परतूर हे तालुके मिळून तो बनविण्यात आला. पुढे मंठा, बदनापूर व घनसावंगी हे तालुके निर्माण झाल्याने तालुक्यांची संख्या आठ झाली. जिल्ह्याचे क्षेत्रफळ सु. ७,७०० चौ. किमी. असून उत्तरेस अजिंठ्याच्या डोंगररांगा आहेत, तर दक्षिण सरहद्दीवरून गोदावरी वाहते. पूर्णा व दुधना या अंतर्भागातील प्रमुख नद्या होत.

मनमाड–सिकंदराबाद लोहमार्ग १८९९–१९०१ या काळात टप्प्याटप्प्याने सुरू झाला व जालना शहर त्यावर आले. लोहमार्गाबरोबर तारायंत्राची तारही आली. परंतु तार जेथवर खांब तेथवरच पोहोचते. लोहमार्गापासून दूर असलेल्या गावी निकडीचा निरोप माणसानेच न्यावा लागे आणि पावसाळ्यात नदीनाल्यांना पूर आला की तोही अडे. वाहनातील बिनतारी संचाने ही अडचण दूर केली. जिल्हा ही महसुली सीमा असली, तरी पोलीस व आपत्तिनिवारण यांच्या दृष्टीने ते संदेशवहनाचेही एकक असते. १९८१ पूर्वी भोकरदनचा निरोप औरंगाबादला आणि परतूरचा परभणीला जात असे. जिल्हा झाल्यावर दोन्हींचे केंद्र जालना हे झाले.

प्रारंभीचा इतिहास : वाहनात बिनतारी संच बसविण्याचे प्रयोग पहिल्या महायुद्धानंतर सुरू झाले. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याच्या पोलिसांनी १९२३ मध्ये गस्तीच्या मोटारीत संदेश पाठविणारी व घेणारी यंत्रणा बसविली. ती मॉर्सच्या संकेतांवर चाले आणि मोटारीच्या मागील बैठकीची बरीचशी जागा तिनेच व्यापली होती. अमेरिकेत डिट्रॉइटच्या पोलिसांनी १९२८ मध्ये मोटारींत ग्राही बसविले. केंद्राचा हुकूम मोटारीत ऐकू येई, पण मोटारीतून उत्तर देता येत नसे. न्यू जर्सी राज्यातील बेयॉन येथे १९३३ मध्ये द्विमार्गी संभाषण सुरू झाले. १९४० मध्ये कनेक्टिकट राज्याच्या पोलिसांसाठी डॅन्येल नोबल यांनी कंप्रता विरूपणावर (आवाजानुसार वाहक तरंगाची कंप्रता बदलण्याच्या पद्धतीवर) आधारलेली यंत्रणा उभारली. मोटारीच्या ज्वलन प्रणालीतील ठिणग्यांमुळे उत्पन्न होणारा गोंगाट या पद्धतीत पुष्कळच कमी ऐकू येत असल्याने पुढे जगभर तीच रूढ झाली.

हुकूम ऐकण्यापासून उत्तर देण्यापर्यंतची मजल गाठण्यास लागलेल्या या काळामागे एक मुख्य अडचण होती, ती विद्युत् पुरवठ्याची. त्या वेळचे संच इलेक्ट्रॉन नलिकांवर चालत. नलिकेचा तंतू तापविण्यास ६ व्होल्ट पुरत, पण तिच्या धनाग्राला काही शे व्होल्ट दाब लागे. मोटारीत मिळत तेवढे ६ व्होल्टच आणि तेही एकदिश (एकाच दिशेने वाहणाऱ्या) प्रवाहाचे. रोहित्राने (विद्युत् दाब बदलणाऱ्या साधनाने) एकदिश प्रवाहाचा दाब वाढविता येत नाही. यावर दोन उपाय निघाले. पहिला कंपित्राचा : पोलादी पट्टी सेकंदाला सु. ११५ वेळा थरथरून प्रवाह उलटसुलट तोडीत राही. असा तोडलेला प्रवाह रोहित्रातून नेऊन त्याचा दाब वाढवीत व मग तो पुन्हा एकदिश करीत. कंपित्राची संपर्काग्रे झिजत व चिकटत, म्हणून ते सहज बदलता यावे असे खोबणीत बसविलेले असे. दुसरा उपाय डायनामोटरचा : एकाच आसावर कमी दाबाचा चलित्र व जास्त दाबाचे जनित्र गुंफलेले हे यंत्र अधिक शक्ती देई, मात्र ते जड असे, सुरू होताना मोठा प्रवाह खेची व त्याचा घरघराट होई. सामान्यतः ग्राहीसाठी कंपित्र व प्रेषकासाठी डायनामोटर अशी वाटणी असे. ऐकण्याला थोडी आणि बोलण्याला पुष्कळ शक्ती लागते, ही या यंत्रणेतील मूळ विषमता त्या वाटणीतच दिसून येते.

युद्धकाळ व जालना : दुसऱ्या महायुद्धात वाहनातील संचांचा फार मोठ्या प्रमाणावर विकास झाला. ब्रिटिश राष्ट्रकुलातील चिलखती दलांत सर्रास वापरला गेलेला १९ क्रमांकाचा संच १२ व्होल्टच्या घटमालेवर चाले व त्याचे फिरते यंत्र २७५ व ५०० व्होल्ट असे दोन दाब पुरवी. युद्धकालीन जीपगाडीची स्वतःची विद्युत् प्रणाली मात्र ६ व्होल्टची होती. त्यामुळे बिनतारी संच नेणाऱ्या जीपमध्ये संचासाठी निराळी १२ व्होल्टची घटमाला ठेवण्याचा प्रघात पडला. गाडीची घटमाला गाडीसाठी व संचाची संचासाठी, हे तत्त्व येथून पुढे वारंवार आढळते.

हैदराबाद संस्थानातील १३ ते १७ सप्टेंबर १९४८ च्या कारवाईत औरंगाबाद–जालना भागात भारतीय पायदळाबरोबर रणगाडेही उतरले होते. अवघ्या पाच दिवसांत संपलेल्या या मोहिमेत अनेक दिशांनी एकाच वेळी चाल करण्यात आली. वेगवेगळ्या मार्गांनी सतत पुढे सरकणाऱ्या अशा सैन्याचा परस्परसंपर्क वाहनातील बिनतारी संचांमुळेच शक्य होतो. रोवलेल्या खांबांवरची तार त्या गतीला पुरी पडत नाही.

भारतातील पोलीस बिनतारी यंत्रणा : भारतात तारायंत्राचा १८८५ चा व बिनतारी तारायंत्राचा १९३३ चा असे दोन कायदे दीर्घकाळ लागू होते. बिनतारी संच बाळगण्यास परवाना आवश्यक आहे, हे तत्त्व १९३३ च्या कायद्याने घालून दिले. या दोन्ही कायद्यांची जागा घेणारा दूरसंचार अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला. पोलिसांच्या बिनतारी यंत्रणेसाठी १९४६ मध्ये केंद्र सरकारच्या गृह खात्यात स्वतंत्र निरीक्षणालय स्थापण्यात आले. पुढे त्याचे पोलीस बिनतारी समन्वय संचालनालयात रूपांतर झाले. बंगलोर (आताचे बंगळुरू) येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीमुळे असे संच देशात तयार होऊ लागले. महाराष्ट्र पोलिसांच्या बिनतारी विभागाचे मुख्यालय पुणे येथे आहे. मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्यात व १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला आणि त्याबरोबर या भागाची पोलीस व्यवस्थाही हैदराबादकडून मुंबईकडे वळली.

जिल्ह्यातील पोलीस यंत्रणेची सर्वसाधारण रचना अशी असते : मुख्यालयी नियंत्रण कक्ष, प्रत्येक पोलीस ठाण्यात एक स्थिर संच आणि गस्तीच्या वाहनांत फिरते संच. उंच जागी पुनर्प्रेषक (आलेला संदेश पुन्हा प्रक्षेपित करणारे केंद्र) असतो. या कामी वापरल्या जाणाऱ्या अति-उच्च कंप्रतेच्या तरंगांचा मार्ग बहुतांशी सरळ असल्याने डोंगराआड संदेश क्षीण होतो; अजिंठ्याच्या रांगांलगतच्या भोकरदन व जाफराबाद भागात पुनर्प्रेषकाच्या जागेला म्हणूनच महत्त्व येते. ठाण्यातील स्थिर संचही पुष्कळदा मोटारीच्याच १२ व्होल्ट घटमालेवर चालवितात व ती घटमाला विजेवर भारित होत राहते. वीज गेली तरी ठाणे मुके होत नाही, हा त्यातील हेतू होय.

घटमालेचा विद्युत् दाब : मोटारीतील शिसे–अम्ल घटमालेच्या प्रत्येक घटाचा दाब सु. २.१ व्होल्ट असतो. तीन घटांची घटमाला ६ व्होल्टची, सहा घटांची १२ व्होल्टची व बारा घटांची २४ व्होल्टची म्हणून ओळखली जाते. १९५० च्या दशकात मोटारी ६ व्होल्टवरून १२ व्होल्टवर आल्या. या बदलामागे मोठ्या एंजिनांचे प्रारंभक हे मुख्य कारण असले, तरी त्याचा लाभ बिनतारी संचांनाही झाला. समजा, नलिकांच्या संचाला बोलताना १८० वॉट शक्ती लागते. तर ६ व्होल्टच्या घटमालेतून ३० अँपिअर, १२ व्होल्टच्या घटमालेतून १५ अँपिअर व २४ व्होल्टच्या घटमालेतून ७.५ अँपिअर प्रवाह घ्यावा लागेल. तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी शक्ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून त्याच तारेत दाब दुप्पट केल्यास ही हानी एक-चतुर्थांश होते.

‘१२ व्होल्ट’ ही संज्ञा नाममात्र आहे. पूर्ण भारित घटमाला स्वस्थ असताना १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखविते. एंजिन चालू असताना जनित्र तिला भारित करीत असते, त्या वेळी दाब १३.८ ते १४.४ व्होल्टपर्यंत चढतो. प्रारंभक फिरताना तो क्षणभर ९ व्होल्टच्या आसपास वा त्याखालीही उतरतो. स्वस्थ घटमालेचा दाब १२ व्होल्टच्या खाली गेला, तर ती बहुतांशी रिती झाली असे समजतात. वाहनातील संचांवर १३.६ किंवा १३.८ व्होल्ट असे लिहिलेले असते, याचे कारण हेच : संचाची घोषित शक्ती चालू एंजिनावरची असते. एंजिन बंद करताच संच तेवढ्या शक्तीने बोलत नाही.

१९६० च्या दशकात आणखी दोन बदल झाले. डायनामोच्या जागी आल्टरनेटर या नावाने ओळखले जाणारे प्रत्यावर्ती प्रवाह जनित्र आले. डायनामो मंद गतीत घटमालेला जवळजवळ काहीच देत नसे. आल्टरनेटर एंजिन मंद चालू असतानाही भारण करू शकतो. एका जागी उभ्या असलेल्या गस्तीच्या गाडीला हा मोठाच आधार होता. याच सुमारास ट्रँझिस्टरांनी प्रथम कंपित्राची व नंतर नलिकांची जागा घेतली. ट्रँझिस्टरांना शेकडो व्होल्ट लागत नाहीत. १२ व्होल्टवर ते सरळ चालतात. कंपित्र व डायनामोटर दोन्ही नाहीसे झाले व संच हलका झाला. मात्र नवी दक्षताही आवश्यक झाली. तोवर ब्रिटिश बनावटीच्या अनेक मोटारींत घटमालेचे धन अग्र सांगाड्याला जोडलेले असे, तर इतर अनेक ठिकाणी ऋण अग्र. उलट जोडणी कंपित्राच्या पुष्कळ संचांना सोसवत असे. ट्रँझिस्टर मात्र तिने क्षणार्धात जळतात. पुढे ऋण अग्र सांगाड्याला जोडण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली. तथापि आजही संचात एक द्विप्रस्थ (एकाच दिशेने प्रवाह जाऊ देणारा घटक) उलट जोडणीविरुद्ध पहारेकऱ्यासारखा बसविलेला असतो. जोडणी चुकल्यास तो वितळतार उडवितो.

जड मालमोटारी व बसगाड्यांत प्रायः २४ व्होल्टची प्रणाली असते. दोन घटमालांपैकी एकीवरून १२ व्होल्ट काढून घेणे सोपे दिसते, पण तसे करू नये. एक घटमाला सतत रिती व दुसरी अतिभारित होऊन दोन्ही लवकर निकामी होतात. २४ चे १२ व्होल्ट करणारा परिवर्तक बसविणे हाच योग्य मार्ग होय.

तारजोडणी : संचात बिघाड आहे असे वाटते, तेव्हा दोष पुष्कळदा तारेत असतो. घटमाला पुढे एंजिनापाशी व संच बैठकीमागे असल्यास एकेका तारेची लांबी ५ मी. होते, प्रवाह जाऊन परत येतो, म्हणून १० मी. तार हिशेबात धरावी लागते. ५० वॉट क्षमतेचा प्रेषक बोलताना सु. १० अँपिअर प्रवाह घेतो. ०.७५ चौ. मिमी. छेदाच्या घरगुती वापराच्या तारेचा १० मी. लांबीतील रोध सु. ०.२५ ओहम असतो व त्यात २.५ व्होल्ट वाया जातात. १३.६ व्होल्टपैकी संचाशी ११.१ व्होल्टच पोहोचतात. प्रेषकाची शक्ती ढोबळ मानाने दाबाच्या वर्गाप्रमाणे बदलत असल्याने ती तिसऱ्या हिश्शाने घटते. हीच तार २.५ चौ. मिमी. छेदाची घेतल्यास हानी पाऊण व्होल्टपर्यंत व ६ चौ. मिमी. छेदाची घेतल्यास सु. ०.३ व्होल्टपर्यंत उतरते. हा दोष फसवा आहे, कारण ग्राहीला अर्ध्या अँपिअरच्या आतच प्रवाह लागत असल्याने ऐकताना तो जाणवत नाही. वाहनातील माणसाला नियंत्रण कक्ष स्पष्ट ऐकू येतो, पण त्याचे उत्तर कक्षापर्यंत पोहोचत नाही. दाब मोजावयाचा तो म्हणूनच संचाच्या टोकाशी व बोलण्याची कळ दाबलेली असताना मोजावा लागतो.

दोन्ही तारा सरळ घटमालेपर्यंत नेण्याची पद्धत आहे. सिगारेट पेटविण्याच्या खोबणीतून किंवा दिव्यांच्या तारेतून पुरवठा घेतल्यास बारीक तार व सैल संपर्क यांमुळे दाब पडतो. वितळतार संचापाशी नव्हे, तर घटमालेच्या अगदी जवळ असावी लागते. तार मध्येच घासून सांगाड्याला टेकली, तर त्या ठिकाणापासून घटमालेपर्यंतच्या भागातून शेकडो अँपिअर प्रवाह वाहून गाडी पेट घेऊ शकते. हा भाग वितळतारेच्या संरक्षणाखाली असला पाहिजे. एंजिन व बैठक यांमधील पत्र्यातून तार नेताना छिद्रात रबरी कडे बसवितात. ऋण तारेतही वितळतार घालण्याचा पुष्कळ काळ प्रघात होता. एंजिन व घटमाला यांना जोडणारी जाड पट्टी गंजून तुटल्यास प्रारंभकाचा प्रचंड प्रवाह संचाच्या बारीक ऋण तारेतून परतण्याचा मार्ग शोधतो. त्या वेळी ती जळू नये हा त्यामागील हेतू. अलीकडील अनेक वाहनांत घटमालेच्या ऋण अग्रावर प्रवाह मोजणारे साधन असते; तेथे ऋण तार अग्राला न जोडता घटमालेजवळ सांगाड्याला जोडतात.

वाहनाच्या विद्युत् प्रणालीतील गोंगाटही याच तारांतून संचात शिरतो. पेट्रोल एंजिनातील ठिणगी गुडद्यांमुळे ग्राहीत एंजिनाच्या गतीबरोबर वाढणारी टकटक ऐकू येते. आल्टरनेटरमुळे गतीनुसार चढणारा शिट्टीसारखा सूर येतो. गुडद्यांच्या तारांत रोधक घालणे, पुरवठ्याच्या तारेवर धारित्र व वेटोळे यांचा गाळणीसारखा उपयोग करणे, झाकण व सांगाडा तांब्याच्या विणलेल्या पट्टीने जोडणे हे यावरचे उपाय होत. डीझेल एंजिनात ठिणगी नसल्याने पहिल्या प्रकारचा गोंगाट नसतो.

उभ्या गाडीचा प्रश्न : बंदोबस्त, यात्रा, पूर यांसारख्या प्रसंगी वाहन तासन्‌तास एका जागी उभे असते. ६० अँपिअर-तास क्षमतेच्या घटमालेवर २५ वॉटचा संच नुसता ऐकत ठेवल्यास ०.४ अँपिअर व वेळेच्या दहाव्या हिश्शाइतके बोलल्यास आणखी ०.६ अँपिअर, मिळून सरासरी १ अँपिअर खर्च होतो. म्हणजे दिवसरात्रीत २४ अँपिअर-तास. एवढ्याने निरोगी घटमाला रिती होत नाही. परंतु टपावरील ५५ वॉटचा एक फिरता दिवा ४.६ अँपिअर घेतो व तो एकटाच अशी घटमाला सु. १३ तासांत संपवितो. घटमाला संपली की गाडी आणि तिचा आवाज दोन्ही एकाच क्षणी बंद पडतात. मदत मागण्याचे साधनही त्या वेळी उरत नाही. ऑगस्ट २००६ मध्ये जायकवाडी धरणातून मोठा विसर्ग होऊन गोदावरीला महापूर आला होता. अशा पुरात गावांची वीज तुटते आणि काठावर उभी असलेली गाडीच तात्पुरते संदेशकेंद्र बनते.

म्हणून दीर्घकाळ उभ्या राहणाऱ्या वाहनात संचासाठी दुसरी घटमाला बसविणे इष्ट असते. एंजिन चालू असता दोन्ही घटमाला भारित होतात व बंद होताच त्या एकमेकींपासून वेगळ्या होतात. हे वेगळेपण सिलिकॉन द्विप्रस्थाने साधल्यास त्यातच सु. ०.७ व्होल्ट खर्च होतात व दुसरी घटमाला कधीच पूर्ण भारित होत नाही. विद्युत् चुंबकीय स्विचाने हा तोटा टळतो.

हवामान व देखभाल : जालना जिल्ह्यात उन्हाळ्यात तापमान ४०° से.च्या वर जाते. एंजिनाच्या झाकणाखाली ते पुष्कळच अधिक असते. उष्णतेने घटमालेतील पाणी झपाट्याने उडते, ती वापरात नसतानाही आपोआप रिती होते व पट्ट्यांचे आयुष्य घटते. उघड्या तोटीच्या घटमालेत ऊर्ध्वपातित पाणीच घालावे लागते. विहिरीच्या वा नळाच्या पाण्यातील क्षारांमुळे पट्ट्या खराब होतात. उष्ण प्रदेशात अम्लाचे विशिष्ट गुरुत्व थंड प्रदेशांपेक्षा किंचित कमी, सु. १.२४ ते १.२५ ठेवण्याची पद्धत आहे. अग्रांवर साचणारा पांढरट-हिरवट थर हा रोधच असतो. तो गरम पाण्याने धुऊन अग्रे घट्ट आवळून त्यांवर व्हॅसलिनचा हात देतात.

अलीकडील बदल : मोबाइल दूरध्वनीच्या प्रसारानंतरही वाहनातील द्विमार्गी रेडिओ मागे पडला नाही. एकाने बोललेले सर्वांना एकाच वेळी ऐकू जाणे आणि खाजगी कंपन्यांच्या मनोऱ्यांवर अवलंबून नसणे, हे त्याचे दोन गुण आणीबाणीत उपयोगी पडतात. महाराष्ट्रात २०२१ मध्ये ११२ हा एकत्रित आपत्कालीन क्रमांक सुरू झाला. जालना जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाल्याने वेगवान रस्त्यावरील गस्तीची गरज वाढली. अंकीय पद्धतीच्या संचांसाठी २००५ मध्ये यूरोपात प्रसिद्ध झालेले मानक आता जगभर वापरले जाते. विजेवर चालणाऱ्या मोटारींतही मुख्य उच्च दाबाच्या घटमालेखेरीज दिवे व संच यांसाठी निराळी १२ व्होल्टची घटमाला ठेवलेली असते.

अंकीय संचांमुळे एक फरक मात्र पडला. जुन्या संचाचा दाब उतरू लागला की आवाज हळूहळू क्षीण होई, त्यात खरखर मिसळे आणि ऐकणाऱ्याला पलीकडची घटमाला खालावत असल्याची सूचना मिळे. अंकीय संचाचा आवाज शेवटपर्यंत स्वच्छ राहतो व एका मर्यादेखाली एकदम नाहीसा होतो. त्यामुळे पूर्वी कानाला कळणारी गोष्ट आता व्होल्टमापकावर नियमितपणे पाहावी लागते.